जिनं दिला तिनंच शिवायचा

वाकडा टाका दिसला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी बाजू घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येईल. घराच्याच पुढच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, पडद्यांना कड लावणं, कुणाचा कोट सैल तर कुणाचा घट्ट करून देणं, ही माझी कामं. सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेले तरी मी सोफ्याचं कव्हर हळूच उलटून बघते. आमचे हे बस चालवतात. ते म्हणतात, "तुझ्याबरोबर कुणाकडे जायचं म्हणजे तपासणीला निघाल्यासारखं वाटतं." म्हणू देत.

आम्हाला एकच मुलगी, बारा वर्षांची. तिला एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ती गाईडच्या पथकात गेली आणि तेव्हापासून घरात तंबू, दोर, गाठी आणि शिट्ट्या यांशिवाय दुसरा विषय उरला नाही. आठ-दहा पथकांचे मिळून कॅम्प होतात. तिथे मुली आपापल्या कापडी बॅजची अदलाबदल करतात आणि मिळालेले बॅज एका जाड ब्लँकेटवर शिवतात. शेकोटीपाशी ते ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळून बसायचं, एवढं मला माहीत होतं. बाकीचं भिंगरी दुकानात माझ्या शेजारी उभी राहून सांगायची आणि मी "हं, हं" म्हणत मशीन चालवायचे. मशीन चालू असलं की मला फक्त मशीन ऐकू येतं.

दिसायचं मात्र सगळं. तिच्या राखाडी ब्लँकेटवर तेवीस बॅज होते आणि तेवीसच्या तेवीस माझ्या डोळ्यांत खुपायचे. पांढऱ्या होडीला काळा दोरा. घुबडाचा एक कान लोंबत होता. सशाभोवती धावदोरा घातलेला, तोही एक टाका इथे तर दुसरा बोटभर लांब. डोंगराच्या बॅजला इतक्या गाठी की डोंगराला मुरुमं आल्यासारखं दिसावं. एक चौकोनी बॅज तर चक्क दात साफ करायच्या दोऱ्यानं शिवलेला होता. शिवणकामवालीची मुलगी आणि हे असे टाके. कुणी पाहुणे आले की मी ते ब्लँकेट घडी घालून आतल्या खोलीत ठेवायचे.

शाळेला चार दिवस सुट्टी लागली तेव्हा भिंगरी आत्याकडे राहायला गेली. जाताना ब्लँकेट माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, याची एका बाजूची कड उसवलीय. तेवढी शिवून ठेव. रविवारी कॅम्प आहे. कडच फक्त, हं."

"कडच फक्त" हे मी ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू.

कड शिवायला दहा मिनिटं लागली. ब्लँकेट समोर पसरलेलं, दुकानात गिऱ्हाईक नाही आणि माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, त्या घुबडाचा कान तेवढा बसवून टाकावा. कान बसवायचा तर आधीचे चार टाके काढावे लागतात. चार काढले तर बाकीचे तरी कशाला ठेवायचे? घुबड नीट बसलं आणि शेजारची होडी जास्तच वाईट दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तेवीस बॅज उसवले, मागून इस्त्री केली, गोल एका ओळीत, चौकोनी एका ओळीत, लहानमोठे बघून मांडले आणि प्रत्येकाच्या कडेला जुळणारा दोरा घालून मशीनवर बसवले. अकरा रिळं लागली. काढलेले दोरे झाडून कचऱ्यात टाकले. मग ते ब्लँकेट दुकानातल्या पुतळ्याच्या खांद्यावर टाकून मी लांबून बघितलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

हे चहाला घरी आले तेव्हा त्यांनीही बघितलं. "छान झालंय," म्हणाले. "तिनं सांगितलं होतं का?"

"सांगायला कशाला हवं?"

ते चहा पीत बसले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांच्या अशा चहा पिण्याचा अर्थ मला कळतो. त्या दिवशी तो कळून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी भिंगरी परत आली. पिशवी दारातच टाकून ती दुकानात धावत आली आणि पुतळ्यासमोर थांबली. मी कात्री खाली ठेवून वाट बघत होते. आता गळ्यात पडेल, मग पडेल. तिनं एक बोट पहिल्या ओळीवरून फिरवलं, मग दुसऱ्या. ब्लँकेट उलटं करून मागची बाजू बघितली.

"छान झालंय," ती म्हणाली. अगदी बापासारखं. मग ते उतरवून घडी घातली आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जेवताना तिनं सांगितलं की ती कॅम्पला जाणार नाही.

"म्हणजे? महिनाभर नाचतेयस आणि आता जाणार नाही?"

"आई, त्यातला एकही बॅज मी शिवलेला नव्हता," ती ताटाकडे बघत म्हणाली. "आमच्यात नियम आहे. जिनं दिला तिनंच शिवायचा. समोर बसून, हातानं. ससा चष्मेवालीनं शिवला होता. दाताचा दोरा आमच्या कॅम्पच्या ताईंचा होता, त्या दातांच्या डॉक्टर आहेत ना. डोंगर डावरीचा होता. ती डाव्या हातानं शिवते म्हणून तिच्या गाठी तशा येतात."

"मग मला सांगायचं नाही का आधी?"

"सांगितलं होतं. तीनदा."

सांगितलंच असणार.

"पहिल्या दिवशी शेकोटी पेटायच्या आधी सगळ्या जणी एकमेकींच्या ब्लँकेटवर आपापले टाके शोधतात," ती पुढे म्हणाली. "अजून टिकलेत का ते बघतात. कुणाचे सुटले असतील तर ती परत घालते. आता त्यांना काय वाटेल? मला त्यांचे टाके आवडले नाहीत म्हणून मी काढून टाकले, असंच वाटेल ना?" आणि मग तिला रडू आलं. माझी मुलगी सहसा रडत नाही. हे माझ्याकडे बघत होते आणि मी पाण्याच्या ग्लासाकडे.

आता माझा स्वभाव असा की, चूक झाली तर मी ती दुरुस्त करते, कबूल करत नाही. एका गिऱ्हाइकाची बाही मी आखूड कापली होती, तर त्याला मी त्याचा हात वाढलाय म्हणून सांगितलं होतं. तेव्हा शनिवारी सकाळी मी ठरवलं की जसे होते तसेच टाके परत घालायचे. मला ते सगळे पाठ होते. ज्यांचा इतका राग केला ते विसरणार कसे? डोंगर उसवला, निळा दोरा घेतला, सुई डाव्या हातात धरली आणि डावरीचे टाके घालायला बसले.

सव्वीस वर्षांत इतकं अवघड काम मी केलेलं नाही. वाकडा टाका घालायचा म्हटलं की हात आपोआप सरळ जायचा. गाठ मोठी करायची तर बोटं ती दाबून लपवायची. तीनदा शिवलं, तीनदा उसवलं, दोनदा सुई टोचून घेतली. चौथ्यांदा उचलून बघितलं तर ब्लँकेटबरोबर माझा स्कर्टही वर आला. दोन्ही एकत्र शिवले गेले होते. दुकान उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातही माझ्याकडून असं झालं नव्हतं.

"आई, काय करतेस?" भिंगरी दारात उभी होती.

"वाकडं शिवतेय," मी म्हटलं. "जमत नाहीये."

ती जवळ आली, माझा स्कर्ट बघितला, डोंगर बघितला, आणि तिला हसू आवरेना. शुक्रवारपासून पहिल्यांदा हसली. मलाही हसू आलं. मग तिनं डोंगरावरच्या त्या गाठींवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "अगदी तिच्यासारखं आलंय. पण हे तिनं नाही ना शिवलेलं."

मी कात्रीनं स्कर्ट सोडवला. हे ड्यूटीवर निघायच्या तयारीत बूट घालत होते.

"सगळे बॅज काढू," मी म्हटलं. "डब्यात घालून कॅम्पला नेऊ. ज्यांचे त्यांच्याकडून परत शिवून घे."

"त्यांना सांगू काय?"

"तू काही सांगायचं नाहीस. मी येते. माझी चूक आहे, मी सांगते."

ह्यांचा एक बूट हातातच राहिला. "माझी चूक" हे शब्द या घरात माझ्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते. त्यांनी नुसतं विचारलं, "रविवारची रजा टाकू का?" मी म्हटलं, टाका.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिंगरी, मध्ये ब्लँकेट, आणि दोघी माझीच टीप उसवत होतो. एकेक बॅज निघाला की ती तो कुणाचा ते सांगायची. होडीवाली पोहायला घाबरते. घुबडवाली झोपेत बोलते, एकदा तिनं झोपेत सगळ्या तंबूला सावधान उभं राहायला सांगितलं आणि दोघी खरंच उभ्या राहिल्या. चष्मेवालीनं ससा शिवताना चष्मा हरवला होता, म्हणून टाके तसे. मशीन बंद होतं. मी सगळं ऐकलं, आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. दोन वर्षं हे सगळं माझ्या शेजारी उभं राहून सांगितलं जात होतं आणि मी दुसऱ्यांच्या चेनी बसवत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं कॅम्पच्या मैदानावर पोहोचलो. तंबू लागले होते. मधोमध लाकडं रचून ठेवली होती, अजून पेटवलेली नव्हती, आणि त्यांच्याभोवती पन्नासेक मुली ब्लँकेटं पांघरून बसल्या होत्या. भिंगरीच्या खांद्यावर कोरं ब्लँकेट होतं. राखाडी कापडावर बॅजच्या जागा तेवढ्या गडद राहिल्या होत्या. तिला बघून मुलींची कुजबुज सुरू झाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. एरवी मैत्रिणींसमोर ती माझ्यापासून चार पावलं लांब चालते.

मी ताईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दातांच्या डॉक्टर असल्यामुळे त्यांना घाबरलेल्या माणसांची सवय असावी. "तुम्हीच सांगा सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "पटकन होऊन जाईल."

मी मुलींसमोर उभी राहिले. हातात डबा.

"मी हिची आई," मी म्हटलं. "मी शिवणकाम करते. तुम्ही हिच्या ब्लँकेटवर जे टाके घातले होते ते मी सगळे काढून टाकले. हिला न विचारता. मला वाटलं हिनंच शिवलेत, आणि मला ते वाईट वाटले. हिनं मला कड शिवायला सांगितली होती, कडच फक्त. माझी चूक झाली. हिची काही चूक नाही. बॅज सगळे या डब्यात आहेत."

मग चष्मा लावलेली एक मुलगी उभी राहिली.

"माझा ससापण?"

"ससा आहे. टाके गेले."

"बरं झालं, काकू," ती म्हणाली. "फार भयाण शिवला होता मी तो. दर वेळी शोधायला जायचं आणि दर वेळी लाज वाटायची."

एकदम हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, माझ्या घुबडाचा तर कानच निघाला होता. ताई म्हणाल्या, माझ्या दोऱ्याला काय वाईट होतं, तो चांगला मजबूत असतो. बघता बघता मुली डब्याभोवती गोळा झाल्या, सुया निघाल्या, आणि भिंगरी त्या घोळक्यात अशी दिसेनाशी झाली की नुसता तिचा आवाज येत होता. माझा जीव भांड्यात पडला. हे लांब एका दगडावर बसले होते, त्यांनी मला बघून मान डोलावली.

मला सुयांमध्ये दोरा ओवून द्यायचं काम मिळालं. बाकी हात लावायचा नाही, असं भिंगरीनं बजावलं होतं. मी हात मांडीखाली घेऊन बसले. समोर एक मुलगी होडी चक्क उलटी शिवत होती आणि मी गप्प होते. डावरी माझ्या अगदी जवळ बसली होती, लहानखुरी, दोन वेण्या. ती एक टाका घाले, माझ्याकडे बघे, तो काढे, परत घाले. दहा मिनिटांत डोंगराची एक बाजूही झाली नव्हती.

"काकू, नीट येत नाहीये," ती म्हणाली.

"पोरी, तू माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या नेहमीच्या गाठी मार. मोठ्या मार. मला त्या जमल्या नव्हत्या, खरंच सांगते. माझा स्कर्ट फाटला त्यापायी."

तिला काय कळलं कोण जाणे, पण ती खुदकन हसली आणि माझ्याकडे पाठ करून भराभर शिवायला लागली. वाकडं, गाठींनी भरलेलं, पहिल्यासारखं. ते बघून मला इतकं बरं वाटलं की माझा मलाच विश्वास बसेना.

तेवीसपैकी वीस जणी आल्या होत्या. राहिलेले तीन बॅज भिंगरीनं परत डब्यात ठेवले. "पुढच्या कॅम्पला," ती म्हणाली. ऊन उतरलं आणि वारा सुटला. चष्मेवालीनं मला कुडकुडताना पाहिलं आणि स्वतःचं ब्लँकेट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. "मला पळायचंय, तुम्ही घ्या," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

सवयीनं मी त्या ब्लँकेटची कड बघितली. मग त्यावरचे बॅज. तिथेही तीच तऱ्हा, एकाहून एक वाकडे. आणि त्या सगळ्यांत एक कंदिलाचा बॅज होता. आमच्या भिंगरीच्या पथकाचा. तो मी डोळ्यांजवळ नेला. बारीक, एका मापाचे टाके. दोरा कडेच्या पिवळ्या रंगाशी तंतोतंत जुळणारा. गाठ कुठेच दिसत नव्हती. मी नखानं चाचपून बघितलं, ती बॅजच्या आत, पोटात दडवलेली होती. आणि सुरुवात कोपऱ्यापासून केलेली नव्हती, खालच्या बाजूच्या मधोमध केली होती. कोपरा आधी घासला जातो, तिथे गाठ असली तर सगळी शिवण सुटते. हे मला चुका करून करून चार-पाच वर्षांनी सापडलं होतं. असं शिवणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही, आणि मी ते कुणाला शिकवलेलं नाही, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मी भिंगरीला हाक मारली. ती धापा टाकत आली.

"हा कुणी शिवला?"

"मी," ती म्हणाली. "मी दिला ना, मग मीच शिवणार."

"कोपरा सोडून मधे सुरुवात करायची, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू करतेस तसं केलं." मग तिला काळजी वाटली असावी. "का? चुकलंय का काही?"

"नाही," मी म्हटलं. "काही चुकलेलं नाही."

ती परत पळाली. तिचे टाके तिच्या ब्लँकेटवर असणारच नव्हते. ते सगळे दुसऱ्यांच्या खांद्यांवर होते आणि मी दोन वर्षं नको तिथे बघून नाकं मुरडत होते. मला इतका आनंद झाला की बसवेना. मी उठले आणि डावरीपाशी गेले. म्हटलं, "तुझं ब्लँकेट बघू जरा." तिच्या ब्लँकेटवर डाव्या खांद्याशी कंदील होता. मग होडीवालीचं बघितलं. मग घुबडवालीचं. मुली आपापले टाके शोधत फिरत होत्या, आणि त्यांच्यात मीही फिरत होते. प्रत्येकीला मागची बाजू दाखवायला लावत होते, आणि त्याही न कंटाळता दाखवत होत्या.

हे उठून उभे राहिले आणि लांबूनच मला मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागले. शेवटच्या बसची वेळ झाली होती. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं. अजून सहा जणी राहिल्या होत्या.